मागचा शॉकअप आणि वालचंद हिराचंद

आजोबांची पद्मिनी अजून पेठेतल्या बोळात उभी आहे? मग तिची डिकी दोन्ही हातांनी दाबा आणि सोडा. गाडी एकदा उसळून थांबली तर ठीक. डुलतच राहिली तर मागचे शॉकअप गेले म्हणून समजा. वजन पेलतात ते पाटे, त्यांची उसळी मारतं ते शॉकअपमधलं तेल. तेल गळालं की खड्ड्यात चाकं रस्ता सोडतात. बदलायचे तर जोडीनेच, आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका!

आता ही गाडी ज्यांच्या कंपनीची, ते वालचंद बघा. जन्म १८८२, सोलापूर. घरचा धंदा सोडून रेल्वेच्या कंत्राटात शिरले. मुंबईला जाताना तुम्ही बोरघाटात बोगदे मोजता ना? त्यांतलंही काम त्यांनी केलंय. १९१९ मध्ये जहाजं, १९४० मध्ये बंगळूरला विमानांचा कारखाना.

मोटारीने मात्र त्यांना फार दमवलं. फोर्डशी बोलणी फिसकटली, क्रायसलरशी जमली. पण ऐन महायुद्धात इंग्रज सरकारने मोटारीचा कारखाना युद्धाच्या कामाचा मानलाच नाही. युद्धाला ट्रक लागत नव्हते की काय? तरी वालचंद हटले नाहीत. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी राहिली, कारखाना कुर्ल्याला. १९५३ मध्ये ते गेले. पुढे तिथे फियाट ११०० बनू लागली. तिला पद्मिनी हे नाव मिळालं सत्तरच्या दशकात, तोवर वालचंदना जाऊन वीसेक वर्षं झाली होती.