बेअर्डचे एक मिनिट

दूरचित्रवाणीचा जनक जॉन लोगी बेअर्ड, एवढे आपण सामान्यज्ञानासाठी पाठ करतो. मला त्याच्या आयुष्यातले एक मिनिट अधिक बोलके वाटते.

जन्म १३ ऑगस्ट १८८८, स्कॉटलंडमधील हेलेन्सबर्ग येथे, धर्मोपदेशकाच्या घरी. प्रकृती कायम तोळामासा. त्याने पायमोजे विकले, त्रिनिदादला जाऊन जॅम केला, साबण विकला. कोठेच टिकला नाही. पुढे मोडक्यातोडक्या वस्तूंतून यंत्र उभारून २६ जानेवारी १९२६ रोजी लंडनमध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनच्या सभासदांना त्याने हलता मानवी चेहरा दाखविला. चित्र अवघ्या ३० रेषांचे. परंतु माणसाने तोंड हलविले की तत्क्षणी पडद्यावरही हलत होते.

नोव्हेंबर १९३६ मध्ये बी.बी.सी.ने बेअर्डची २४० रेषांची आणि मार्कोनी-ई.एम.आय.ची ४०५ रेषांची पद्धत आलटून पालटून चालविली. मोठ्या दृश्यांसाठी बेअर्डचा कॅमेरा आधी फिल्म घेई. ती तिथेच धुऊन, ओलीच असताना यंत्रातून जाई. यात सुमारे एक मिनिट मोडे. शिवाय धुण्याच्या टाक्यांना जखडलेला कॅमेरा जागचा हलत नसे. प्रतिस्पर्ध्याचा कॅमेरा हलता आणि चित्र तत्काळ. त्यातच ३० नोव्हेंबरला क्रिस्टल पॅलेसच्या आगीत प्रयोगशाळेची राखरांगोळी झाली. फेब्रुवारी १९३७ मध्ये बेअर्डची पद्धत बंद झाली. माझ्या मते आगीपेक्षा त्या मिनिटानेच त्याचा घात केला.

विलंब मात्र अद्याप संपलेला नाही. आमच्याकडे वाहिनी बदलली की पडदा दोन-तीन क्षण काळा राहतो आणि वडील पेटीला चापट देतात. दोष पेटीचा नसतो. डिजिटल प्रक्षेपणात पूर्ण चित्र अधूनमधूनच येते. मधल्या वेळात केवळ बदल पाठवितात. म्हणून संचाला पुढच्या पूर्ण चित्राची वाट पाहावी लागते. पूर्ण चित्रे वारंवार पाठविली तर वाट कमी होते, पण माहितीचा भार वाढतो. काही संच शेजारच्या वाहिन्या आधीच पकडून ठेवतात. इंटरनेटवरील दूरचित्रवाणीत केंद्रावर साठविलेले ताजे पूर्ण चित्र वाहिनी बदलताच वेगाने धाडता येते.

बेअर्ड थांबला नाही. १९४४ मध्ये त्याने रंगीत चित्रनलिका दाखविली. युद्धामुळे बंद पडलेली बी.बी.सी.ची दूरचित्रवाणी ७ जून १९४६ रोजी पुन्हा सुरू झाली, ती ४०५ रेषांवरच. १४ जूनला बेक्सहिल येथे बेअर्ड वारला.