नाव एक, वस्तू एक!

साडीला मॅचिंग ब्लाउजपीस आणायला जाताना आपण साडी पिशवीत घालून नेतो की नाही? कारण ‘चिंतामणी’ रंग म्हटलं की एक दुकानदार निळसर दाखवतो, दुसरा हिरवट. नुसत्या नावावर विसंबलं की पैसे वाया! सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या हौशी मासेमारांची अगदी हीच गत होती. ती सुधारायला पुढे आली एक बाई, मेरी ऑर्विस मार्बरी.

मेरी १८५६ साली जन्मली. त्याच वर्षी तिचे वडील चार्ल्स ऑर्विस यांनी व्हरमाँट राज्यातल्या मँचेस्टर गावात मासेमारीच्या सामानाचा धंदा सुरू केला. ही मासेमारी आपल्या गळापेक्षा निराळी. गळाला गांडूळ लावायचं नाही, तर पिसं आणि रेशमी दोरा बांधून केलेली खोटी माशी लावायची. ती इतकी हलकी, की लांब फेकली जाते दोरीच्या वजनानं.

१८७६ पासून मेरी या माश्या बांधण्याचं खातं सांभाळू लागली. हाताखाली गावातल्या मुली. पण अडचण अशी, की एकाच नावाची माशी प्रत्येक कारागीर आपापल्या पद्धतीनं बांधायचा. टपालानं मागवणाऱ्याच्या हाती काय पडेल, याचा नेम नसायचा.

मग देशभरातल्या मासेमारांना विचारणा झाली. कोणती माशी, कुठल्या पाण्यात, कधी चालते? आलेली उत्तरं आणि माश्यांची ३२ रंगीत चित्रपानं घेऊन १८९२ मध्ये मेरीचं जाडजूड पुस्तक निघालं. आता नाव आणि रूप शेजारी शेजारी दिसू लागलं. दूर खेड्यातला माणूसही आपल्या नदीला लागतील तेवढ्याच माश्या निवडू शकत होता. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात तिच्या माश्या मांडल्या होत्या. १९१४ मध्ये ती गेली.

बाकीचं सामानही असंच पारखायचं असतं. छोट्या ओढ्याला हलकी दोरी, मोठ्या नदीला आणि वाऱ्याला जड. आधी दोरी ठरवायची, मग तिला जुळणारी आणि आपल्या हाताला पेलणारी काठी. मासे लहान असतील तर रीळ साधंच पुरतं, तिथे पैसे वाचवावेत. चांगल्या दोरीत मात्र हात आखडू नये.

मैत्रिणींनो, मासेमारी राहू द्या, पण मिक्सर घ्या की शिलाई मशीन, दुकानात शिरण्याआधी आपलं काम काय, हात कसा आणि पदर केवढा, हे स्वतःला विचारा. आणि ती वस्तू रोज वापरणाऱ्या शेजारणीलाही. मेरीनं तरी दुसरं काय केलं?