मुहाजिरांचे सेवक : मरहूम डॉ. मुख्तार अहमद अन्सारी

दिल्लीस जाऊन आलेल्या आपल्या वाचकांपैकी अनेकांनी दर्यागंज भागातील अन्सारी रोड पाहिला असेल. पुस्तकांच्या दुकानांसाठी हा रस्ता प्रसिद्ध आहे. याच शहरात एम्स हे मोठे सरकारी रुग्णालय ज्या भागात आहे, त्याला अन्सारीनगर म्हणतात. रस्त्याला आणि वस्तीला ज्यांचे नाव दिले ते अन्सारी कोण, असे विचारले तर कॉलेजात जाणारी मुलेसुद्धा गप्प राहतात. पाठ्यपुस्तकात त्यांच्यावर फार तर एखादी ओळ असते : काँग्रेसच्या १९२७ सालच्या मद्रास अधिवेशनाचे अध्यक्ष. ही ओळ खरी आहे, पण डॉक्टरसाहेबांच्या जीवनातील एक मोठे पर्व तिच्यात येत नाही. वयाच्या बत्तिसाव्या वर्षी चांगली चाललेली प्रॅक्टिस बाजूला ठेवून ते समुद्रापलीकडे, घरादाराला मुकलेल्या परक्या माणसांच्या सेवेसाठी गेले होते. त्या पर्वाची ओळख विद्यार्थी मित्रांना व पालकांना व्हावी म्हणून हा लेख.

शिक्षण आणि शिष्यवृत्ती

मुख्तार अहमद यांचा जन्म २५ डिसेंबर १८८० रोजी गाझीपूर जिल्ह्यातील युसुफपूर या गावी झाला. घराणे जुने, धार्मिक वळणाचे आणि हकिमी विद्येची परंपरा असलेले. थोरले बंधू अब्दुल वहाब दृष्टिहीन होते, तरीही हकीम म्हणून त्यांचा मोठा लौकिक होता. मुख्तार अहमद यांनी मात्र पाश्चात्त्य वैद्यकाची वाट धरली. मद्रासच्या मेडिकल कॉलेजात शिक्षण घेतल्यावर निझाम सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते विलायतेस गेले. आपला मराठवाडा तेव्हा याच हैदराबाद संस्थानात होता, हे येथे लक्षात घ्यावे. होतकरू मुलाला दिलेली एक शिष्यवृत्ती पुढे किती जणांच्या उपयोगी पडते, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

१९०५ मध्ये एडिंबरो विद्यापीठाच्या वैद्यक व शस्त्रक्रिया या दोन्ही शाखांतील वरच्या पदव्या त्यांनी मिळविल्या. त्यानंतर लंडनच्या लॉक हॉस्पिटलमध्ये आणि पुढे चेरिंग क्रॉस हॉस्पिटलमध्ये त्यांनी काम केले. हिंदी तरुणाला अशी जागा मिळणे त्या काळी सोपे नव्हते. सन १९१० मध्ये ते मायदेशी परतले आणि दिल्लीत त्यांनी दवाखाना थाटला. थोड्याच अवधीत त्यांचे नाव झाले. राजेरजवाडे त्यांना बोलावीत आणि गरीब रुग्णही त्यांच्याकडे येत. पैसा आणि प्रतिष्ठा दोन्ही घरी चालून येत होती. अशा वेळी बाल्कनचे युद्ध पेटले.

चार लाखांवर माणसे रस्त्यावर

ऑक्टोबर १९१२ मध्ये माँटेनिग्रो, सर्बिया, बल्गेरिया आणि ग्रीस या चार राष्ट्रांनी तुर्कस्तानविरुद्ध युद्ध पुकारले. अवघ्या काही आठवड्यांत तुर्की फौजा मागे रेटल्या गेल्या आणि शत्रूसैन्य राजधानी इस्तंबूलपासून थोड्या अंतरावरील चताल्जापर्यंत येऊन ठेपले. फौजेच्या मागोमाग खेडीच्या खेडी उठली. पाच शतके जेथे पिढ्या नांदल्या, ती शेतेवाडी टाकून लोक बैलगाड्यांतून राजधानीकडे निघाले. घरटी कर्ता पुरुष एक तर फौजेत किंवा मारला गेलेला. त्यामुळे या काफिल्यांत बायका, म्हातारी माणसे आणि पोरेच अधिक. पुढील काही वर्षांत तुर्कस्तानात आलेल्या अशा मुहाजिरांची, म्हणजे निर्वासितांची संख्या चार लाखांवर गेली.

थंडीचे दिवस होते. इस्तंबूलमध्ये मशिदींची अंगणे निर्वासितांनी भरून गेली. त्यातच पटकीची साथ आली. आयासोफियाच्या भव्य वास्तूत साथीने आजारी पडलेले सैनिक आणून ठेवावे लागले. येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. या युद्धांत घरे केवळ मुसलमानांचीच गेली नाहीत. पुढच्याच वर्षी थ्रेस प्रांतातील हजारो बल्गेरियन ख्रिस्ती कुटुंबांनाही आपली गावे सोडावी लागली. सीमा बदलते तेव्हा सर्वांत आधी घर मोडते ते गरीब शेतकऱ्याचे, मग त्याचा धर्म कोणताही असो.

मुंबई बंदरातून निघालेले पथक

या बातम्या हिंदुस्थानात येताच मुसलमान समाज हळहळला. मौलाना मुहम्मद अली यांनी आपल्या ‘कॉम्रेड’ पत्रातून मदतीचे आवाहन केले. गावोगावी वर्गण्या जमल्या. स्त्रियांनी अंगावरचे दागिने काढून दिले. अलीगढ कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी जेवणातील खर्च कमी करून ती रक्कम फंडात घातली. पण नुसता पैसा पाठवून भागणार नव्हते. जखमांना मलमपट्टी करणारे हात तेथे हवे होते. म्हणून वैद्यकीय पथक पाठविण्याचे ठरले आणि त्याचे नेतृत्व डॉ. अन्सारींनी स्वीकारले.

पथकात सुमारे चोवीस-पंचवीस जण होते. त्यांत काही डॉक्टर होते, तर बाकीचे शुश्रूषा करणारे स्वयंसेवक. चौधरी खलीकुज्जमाँ, शुऐब कुरेशी, अब्दुर्रहमान सिद्दीकी असे अलीगढचे तरुण त्यांत होते. पेशावरच्या सधन घरातील अब्दुर्रहमान हा तरुण तर चालू शिक्षण सोडून आला होता. यांतील बहुतेकांनी त्यापूर्वी रक्ताळलेली जखम जवळून पाहिलीही नसेल. डिसेंबर १९१२ मध्ये हे पथक मुंबई बंदरातून आगबोटीने निघाले आणि वर्ष संपता संपता इस्तंबूलला पोहोचले.

तेथे परदेशी पथकांची काही कमतरता नव्हती. निरनिराळ्या देशांच्या रेड क्रॉसची माणसे काम करीत होती. न्यायमूर्ती अमीर अली यांनी लंडनमध्ये स्थापन केलेली ब्रिटिश रेड क्रेसेंट सोसायटीही होती. हिंदुस्थानातून आलेल्या पथकाचे वेगळेपण एवढेच की, ते स्वतः परक्या सत्तेखाली असलेल्या लोकांनी स्वतःच्या वर्गणीतून पाठविले होते. ज्यांच्याजवळ स्वतःचे राज्य नव्हते ते दुसऱ्याच्या मदतीला धावले होते.

सेवेची रीत

पथकाने इस्तंबूलच्या परिसरात आणि पुढे चनाक्कले येथे रुग्णालये चालविली. शस्त्रक्रियेची जबाबदारी स्वतः डॉक्टरसाहेबांवर असे. तरुण स्वयंसेवक पट्ट्या बांधणे, रुग्णांना उचलून नेणे, अंथरुणे साफ करणे अशी सारी कामे करीत. अलीगढला नोकरांकडून पाणी मागणाऱ्या मुलांनी येथे दुसऱ्यांची भांडी धुतली. डॉक्टरसाहेब कामाचा वृत्तांत पत्रांतून हिंदुस्थानात कळवीत आणि तो ‘कॉम्रेड’मध्ये छापला जाई. ज्यांनी पैसा दिला त्यांना त्याचा हिशेब कळला पाहिजे, ही दृष्टी त्यामागे होती. सार्वजनिक संस्था चालविणाऱ्यांनी हा धडा आजही गिरवावा असा आहे.

जखमी सैनिक बरा झाला की पलटणीत परत जातो. परंतु ज्या विधवेचे गावच नकाशावरून गेले, तिने जावे कोठे? हा प्रश्न डॉक्टरसाहेबांपुढे उभा राहिला. दोन वेळचे जेवण आणि एक घोंगडी एवढ्याने तो सुटणार नव्हता. म्हणून मुहाजिरांना अनातोलियात जमीन देऊन त्यांच्या वसाहती उभाराव्यात, अशी योजना पथकाने तुर्की नेत्यांशी बोलून आखली. दान घेणाऱ्याला पुन्हा स्वतःच्या पायावर उभे करणे, हा त्यामागील विचार होता.

याच काळात इस्तंबूलच्या स्त्रियाही कामाला लागल्या होत्या. लेखिका हालिदे एदीब आणि त्यांच्या मैत्रिणींनी स्त्रियांच्या संघटनेमार्फत एक लहान रुग्णालय चालविले. रेड क्रेसेंटच्या महिला शाखेने निर्वासित स्त्रियांसाठी शिवण आणि भरतकामाचा कारखाना उघडला. घर गेले होते, पण बोटांतील कला शाबूत होती. त्या कलेवर या बायकांनी पोरांना घास मिळवून दिला. बाहेरून आलेले स्वयंसेवक काही महिन्यांनी निघून जातात. त्यांच्या मागे काम टिकते ते अशा स्थानिक हातांमुळे.

जुलै १९१३ मध्ये पथक मायदेशी परतले. पेशावरचा अब्दुर्रहमान मात्र परत आला नाही. तो तुर्कस्तानातच राहिला, तेथील सैन्यात गेला आणि पुढे नव्या तुर्की सरकारचा वकील म्हणून काबूलला त्याची नेमणूक झाली. १९२५ साली इस्तंबूलमध्ये तो गोळीला बळी पडला. वसाहतीच्या योजनेचे मात्र दुर्दैव ओढवले. १९१४ मध्ये पहिले महायुद्ध पेटले, तुर्कस्तान इंग्रजांच्या विरुद्ध बाजूला गेले आणि हिंदुस्थानातून उघड मदत पाठविण्याची वाटच बंद झाली.

राजकारण आणि निराशा

यानंतर डॉक्टरसाहेब राष्ट्रीय चळवळीत ओढले गेले. मुस्लिम लीगच्या १९१८ सालच्या दिल्ली अधिवेशनातील त्यांचे स्वागताध्यक्षाचे भाषण सरकारने जप्त केले. जानेवारी १९२० मध्ये व्हाइसरॉयला भेटलेल्या खिलाफत शिष्टमंडळाचे ते प्रमुख होते. ज्या खिलाफतीसाठी हजारोंनी तुरुंग भोगला, ती मार्च १९२४ मध्ये खुद्द तुर्कांनीच रद्द केली. अनेकांची उमेद खचली. काही जण राजकारण सोडून गेले, काहींच्या मनात कडवटपणा शिरला.

आपण शांतपणे विचार केला तर काय दिसते? खिलाफत राहिली नाही, तह बदलले, नकाशे बदलले. पण चनाक्कलेच्या रुग्णालयात ज्याची जखम बांधली गेली, त्याचे बरे झालेले अंग कोणत्याही कायद्याने रद्द झाले नाही. राजकारणातील यशापयश आपल्या हाती नसते. केलेली सेवा मात्र वाया जात नाही. डॉक्टरसाहेबांच्या पुढील आयुष्याकडे पाहता त्यांनी हेच ओळखले होते असे वाटते. ते कडवट झाले नाहीत. हिंदू-मुस्लिम ऐक्यावरील त्यांची निष्ठा ढळली नाही. स्वतंत्र मतदारसंघांना त्यांनी विरोध केला आणि त्यासाठी आपल्याच माणसांचा रोष पत्करला. १९३० आणि १९३२ च्या चळवळीत त्यांनी कारावास सोसला.

महात्माजींचे ते मित्र आणि वैद्य. मे १९३३ मध्ये पुण्यास पर्णकुटीत गांधीजींनी एकवीस दिवसांचा उपवास केला. २९ मे रोजी तो सुटला तेव्हा डॉक्टरसाहेब जवळ होते आणि त्या वेळच्या प्रार्थनेत त्यांनी कुराण शरीफच्या आयती म्हटल्या.

जामियाचे छत्र

शेवटच्या वर्षांत त्यांचे मन गुंतले ते शिक्षणात. १९२० मध्ये अलीगढला सुरू झालेली जामिया मिल्लिया ही राष्ट्रीय संस्था १९२५ मध्ये दिल्लीत आली. तिचे आधारस्तंभ हकीम अजमल खान १९२७ च्या अखेरीस वारले आणि संस्था बंद पडण्याची वेळ आली. डॉ. अन्सारींनी १९२८ मध्ये कुलपतिपद स्वीकारले आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्यासह शिक्षकांनी अत्यल्प पगारावर वीस वर्षे सेवा करण्याची शपथ घेतली. संस्था तगली. १ मार्च १९३५ रोजी ओखल्यास नव्या इमारतीची पायाभरणी झाली. ती कोणा बड्या पाहुण्याच्या नव्हे, तर शाळेतील सर्वांत लहान विद्यार्थ्याच्या हस्ते.

डॉक्टरसाहेबांच्या कारकिर्दीतच गेर्डा फिलिप्सबोर्न नावाच्या जर्मन ज्यू बाई जामियात आल्या. त्या निघाल्या त्याच सुमारास जर्मनीत हिटलरची सत्ता आली आणि ज्यूंना मायदेश परका झाला. या बाईंनी जामियाच्या लहान मुलांना आईची माया दिली. मुले त्यांना आपाजान म्हणत. १९४३ मध्ये त्या वारल्या आणि जामियाच्या कब्रस्तानातच त्यांना चिरविश्रांती मिळाली. १९३५ च्या आरंभी हालिदे एदीबही दिल्लीस आल्या. तेव्हा त्या स्वतःच मायदेशाबाहेर काळ कंठीत होत्या. जामियात त्यांची व्याख्याने झाली आणि त्यांचा मुक्काम होता डॉ. अन्सारींच्या दर्यागंजातील घरी. जे दिल्लीकर डॉक्टर कधी इस्तंबूलच्या मुहाजिरांसाठी गेले होते, त्यांच्याच घरी बावीस वर्षांनी इस्तंबूलची लेक आश्रयास आली.

१० मे १९३६ रोजी दिल्लीकडे येत असताना रेल्वे प्रवासातच हृदयविकाराने डॉक्टरसाहेबांचे निधन झाले. त्यांची कबर जामियाच्या परिसरात आहे.

वारसा

अकरा वर्षांनी खुद्द दिल्लीच निर्वासितांचे शहर झाली. १९४७ मध्ये पंजाबातून हिंदू व शीख लाखोंनी आले आणि दिल्लीचे मुसलमान पुराना किल्ला व हुमायूनच्या मकबऱ्यात तंबू ठोकून राहिले. करोल बागेतील जामियाचे प्रकाशनगृह जाळले गेले. तरीही जामियाची माणसे छावण्यांत सेवेला उतरली. त्यांच्या बरोबरीने अनीस किदवई या बाईही होत्या. त्यांच्या पतीचा नुकताच मसुरीला खून झाला होता. दुःख करीत न बसता त्या छावण्यांत जाऊ लागल्या आणि पळविल्या गेलेल्या स्त्रियांच्या शोधासाठी मृदुला साराभाई यांच्याबरोबर झटल्या. त्या स्त्रिया हिंदू की मुसलमान, हा भेद त्यांनी केला नाही. ज्या पाण्यावर जामियाचे रोप वाढले त्याचे हे फळ होय.

विद्यार्थी मित्रांनो, निर्वासित होणे ही केवळ दूरदेशीची गोष्ट नव्हे. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरकडे आणि २०२१ मध्ये चिपळूणला महापूर आला, तेव्हा आपल्याच बांधवांना रातोरात घर सोडावे लागले. अशा वेळी हळहळणारे पुष्कळ असतात. जखम बांधता येणारे, आजाऱ्याला ताप किती हे पाहता येणारे, मदतीचा चोख हिशेब ठेवणारे थोडे असतात. डॉ. अन्सारींची हळहळ उपयोगी पडली, कारण तिच्यामागे शिकलेला हात होता.

पालकांनाही एक विनंती आहे. मुलाला डॉक्टर करण्याचे स्वप्न आपण सारेच पाहतो. ते जरूर पाहावे. तेच स्वप्न मुलीसाठीही पाहावे, कारण छावणीतील दुखणाईत बाई आपले दुःख आधी बाईलाच सांगते. आणि आपला मुलगा किंवा मुलगी उद्या शिकून मोठी झाल्यावर चार-सहा महिने दवाखाना बंद ठेवून संकटग्रस्तांकडे जाते म्हणाली, तर तिला अडवू नये. युसुफपूरच्या त्या घराने आपल्या मुलाला अडविले नव्हते.