मालधक्क्यासाठी धावलेली खोटी रेल्वे

मॉडेल रेल्वे म्हटलं की आपल्याला आठवतं गोल गोल फिरणारं इंजिन. पाच मिनिटं भारी वाटतं, मग बोअर. कारण गाडी जाते कुठे? तर कुठेच नाही. अमेरिकेतल्या जॉन ॲलनने हा प्रश्न फारच मनावर घेतला.

ॲलनचा जन्म १९१३ चा, मिसुरीतल्या जोप्लिनचा. पेशाने तो फोटोग्राफर. १९४६ च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरेला आला आणि मग रेल्वेचाच झाला. खऱ्याच्या एक सत्त्याऐंशीपट लहान, म्हणजे एचओ मापाची रेल्वे. नाव ठेवलं ‘गोरी अँड डिफीटेड’. म्हणजे रक्तबंबाळ आणि हरलेली! (स्पेलिंग मात्र असं विचित्र केलं, की मोठ्याने वाचल्याशिवाय विनोद कळतच नाही.) पहिला लेआउट एखाद्या टेबलाएवढा. तिसऱ्याने घराचं अख्खं तळघर खाल्लं. डोंगर छताला टेकलेले, दऱ्या थेट जमिनीपर्यंत, जागा मोठी दिसावी म्हणून मध्ये आरसे. इतरांची मॉडेल्स शोरूममधल्यासारखी चकाचक असायची तेव्हा याचे डबे गंजलेले, मळलेले. आणि डबे ढकलायला एमा नावाची डायनासोर!

पण मला त्याचं खरं डोकं दिसतं ते मालगाडीत. डबा नुसता फिरवायचा नाही, ठरलेल्या ठिकाणी पोचवायचा. मित्र जमायचे, भिंतीवर जोरात पळणारं घड्याळ असायचं आणि सगळे ड्यूटीवर असल्यासारखे गाड्या चालवायचे. आता डबा पोचवायचा म्हणजे तिथे काहीतरी हवं ना? मोठा कारखाना कशाला, एखादा छोटा मालधक्का पुरतो. आपल्या गावच्या स्टेशनात असतो तसाच: एका बाजूने उतार, दुसऱ्या बाजूला रूळ. खरा धक्का चार फूट उंच धरला तर एचओमध्ये चौदा मिलिमीटर. एवढुसा! पण तो वळणावर बांधला तर डब्याचा कोपरा घासतो आणि लांब सरकवला तर डबा आणि धक्का यात फट राहते. म्हणून जागा सरळ रुळावरच शोधायची. एवढं जमलं की त्या साइडिंगला काम मिळतं आणि गाडीला जायला ठिकाण.

ही गंमत ॲलनने एका फळीवरही उतरवली. ‘टाइमसेव्हर’ हा त्याचा खेळ. एक इंजिन, थोडे डबे, आखूड साइडिंग्ज. प्रत्येक डबा आपापल्या जागी लावायचा, तोही कमीत कमी वेळात. दिसायला सोपं, पण एका डब्यासाठी आधी दुसरे दोन हलवावे लागतात आणि डोक्याचा पार भुगा होतो.

मोठ्या लेआउटवर तो जवळपास वीस वर्षं राबला. काम संपत आलं होतं. ६ जानेवारी १९७३ ला हार्ट ॲटॅकने तो गेला, वय एकोणसाठ. आणि दहाच दिवसांनी त्या घराला आग लागली. डोंगर, पूल, स्टेशनं, बहुतेक सगळं जळालं.

उरले ते त्यानेच काढलेले फोटो. आणि टाइमसेव्हर, जो आजही लोक फळीवर रूळ ठोकून घरी बनवतात.