राक्षसाच्या हाडांचा हिशेब मांडणारे शास्त्रज्ञ : जे. बी. एस. हॉल्डेन



कुंभकर्ण, घटोत्कच, अंगठ्याएवढा मुलगा, पंखांच्या पऱ्या यांच्या गोष्टी ऐकतच आपण सारे मोठे झालो. आता त्यात टीव्ही आणि मोबाईलवरच्या परग्रहवासीयांची भर पडली आहे. कुणाला चार हात, कुणाचे डोके भोपळ्याएवढे, कुणी ताडाएवढा उंच. मुलांना साहजिकच प्रश्न पडतो की अशी माणसे खरोखर असू शकतील का? हा प्रश्न हसण्यावारी न नेता त्याचे गणित मांडणारा एक थोर शास्त्रज्ञ होऊन गेला. त्याने आयुष्याची शेवटची वर्षे आपल्या देशात, आपला नागरिक म्हणून काढली. या अंकात त्यांचाच परिचय करून घेऊ.

जॉन बर्डन सँडर्सन हॉल्डेन यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८९२ रोजी इंग्लंडमधील ऑक्सफर्ड येथे झाला. वडील जॉन स्कॉट हॉल्डेन हे श्वसनक्रियेचे नामवंत अभ्यासक. कोळशाच्या खाणीतील विषारी वायूंवर त्यांचे मोठे काम आहे. ते आपल्या शाळकरी मुलाला खाणीत घेऊन जात. एकदा त्यांनी त्याला मिथेन वायू साचलेल्या ठिकाणी उभे राहून शेक्सपिअरच्या नाटकातील एक भाषण म्हणायला सांगितले. म्हणता म्हणता मुलाला धाप लागली, पाय लटपटले आणि तो खाली कोसळला. मिथेन हवेपेक्षा हलका असल्याने वर साचतो, जमिनीलगत मात्र हवा चांगली असते. त्यामुळे खाली पडताच मुलगा सावध झाला. पाठ्यपुस्तकातील एक ओळ त्याला अशी शरीरानेच शिकवली. आज कोणी पालक असे धाडस करणार नाही, करूही नये. पण विज्ञान स्वतःच्या अंगावर घेऊन तपासायचे ही सवय या मुलाला तेव्हापासून जडली ती कायमची.

धाकटी बहीण नेओमी आणि हा मुलगा घरी गिनीपिग पाळून त्यांच्या पिलांचे रंग कसे उतरतात याची नोंद ठेवत. पुढे उंदरांवर केलेल्या अशाच अभ्यासाचा निबंध १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा हॉल्डेन पहिल्या महायुद्धाच्या आघाडीवर होते. विशेष म्हणजे त्यांची पदवी गणित आणि ग्रीक-लॅटिन साहित्याची होती. विज्ञानाची पदवी त्यांनी कधीच घेतली नाही. तरीही १९२३ मध्ये ते केंब्रिजला जीवरसायनशास्त्र शिकवू लागले. १९२४ पासून त्यांनी डार्विनच्या निसर्गनिवडीला गणिताची बैठक देणारी निबंधमालिका लिहिली. १९३२ मध्ये त्यांना रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले.

आता राक्षसाकडे वळू. १९२६ मध्ये हॉल्डेन यांनी प्राण्यांच्या योग्य आकारमानावर एक छोटा निबंध लिहिला. जगभर तो आजही वाचला जातो. त्यातले गणित पाचवीच्या मुलालाही समजेल. समजा, सहा फूट उंचीचा, साठ किलो वजनाचा माणूस आहे. त्याला दसपट वाढवून साठ फुटी राक्षस केला. उंची दसपट, रुंदी दसपट आणि जाडीही दसपट. म्हणजे वजन १० × १० × १० = १००० पट झाले. साठ किलोचे साठ टन! पण मांडीच्या हाडाची ताकद त्याच्या छेदावर, म्हणजे रुंदी गुणिले जाडी यावर ठरते. ती वाढली फक्त शंभरपट. म्हणजे हाडाच्या प्रत्येक चौरस इंचावर माणसाच्या दसपट भार आला. माणसाच्या मांडीचे हाड साधारण एवढ्याच भाराला मोडते. तात्पर्य, आपला राक्षस पहिले पाऊल टाकतानाच मांडी मोडून खाली बसेल!

म्हणून मोठा प्राणी हा लहान प्राण्याची नुसती वाढवलेली प्रत नसतो. आपल्या खानापूर तालुक्यातील रानातच पाहा. हरणाचे पाय काडीसारखे बारीक, गव्याचे आखूड आणि दणकट, तर हत्तीचे थेट खांबासारखे. राक्षस उभा राहायचा असेल तर त्याला असेच खांबासारखे पाय द्यावे लागतील. मग तो माणसासारखा दिसणारच नाही.

अंगठ्याएवढ्या मुलाची अडचण याच्या उलट. शरीर लहान झाले की वजनाच्या मानाने कातडीचे क्षेत्र फार वाढते आणि त्यातून उष्णता भराभर निघून जाते. म्हणून उंदराला रोज स्वतःच्या वजनाच्या सुमारे चौथा हिस्सा अन्न लागते. आपला अंगठ्याएवढा मुलगा दिवसभर खातच बसला असता. शाळेत जायला त्याला वेळ कुठला? अंघोळ करून बाहेर येताना अंगाला चिकटलेले पाणीच त्याला जड झाले असते. दुसरीकडे, उंचावरून पडला तरी त्याला फारसे लागले नसते. उंदीर खोल खाणीत पडूनही वाचतो, माणूस मात्र जगत नाही. परीचेही तसेच. माणसाच्या वजनाला हवेत उचलायचे तर पंख हलवणारे स्नायू मावण्यासाठी छाती सुमारे चार फूट पुढे यावी लागेल आणि वजन वाचवण्यासाठी पाय काटकुळे करावे लागतील. अशा परीचे चित्र कोण काढील?

हॉल्डेन यांनी कल्पना मारली असे कुणाला वाटेल, पण तसे नाही. ते स्वतः कल्पनेत रमणारे होते. १९३७ मध्ये त्यांनी मुलांसाठी एका जादूगाराच्या गंमतशीर गोष्टी लिहिल्या. त्याआधी १९२७ च्या एका लेखात त्यांनी कोट्यवधी वर्षांनंतरची मानवजात रंगवली. पृथ्वी नष्ट होणार म्हणून माणसे शुक्रावर राहतील अशी नवी मानवजात पिढ्यान्‌पिढ्या निवड करून घडवतात. गुरूसाठी तर आपल्या एक दशांश उंचीची, आखूड पायांची आणि जाड हाडांची माणसे तयार करायला घेतात. गुरूवर वजन पृथ्वीच्या सुमारे अडीचपट भरते, हे लक्षात घेतले की त्या बुटक्या पायांचे कारण उमगते. शुक्राचा पृष्ठभाग सुमारे ४६० अंश सेल्सिअस इतका तापलेला असतो आणि गुरूला उभे राहण्याजोगी घट्ट जमीनच नाही, हे आज आपल्याला ठाऊक आहे. म्हणजे तेथील माहिती बदलली, पण विचार करण्याची रीत टिकली. आधी जग समजून घ्यायचे आणि मग त्यात राहणारे शरीर रेखाटायचे, ही ती रीत होय.

हाच विषय त्यांनी उतारवयात पुन्हा हाती घेतला. लंडनच्या एका परिषदेतील त्यांचे भाषण १९६३ मध्ये पुस्तकातून प्रसिद्ध झाले. पुढील दहा हजार वर्षांत माणसाचे शरीर कसे बदलू शकेल, हा त्याचा विषय होता. अंतराळयानात वजन जाणवत नाही, तेथे चालण्याचे पाय कशाला? धरण्याचे हात हवेत. म्हणून अपघाताने पाय गमावलेला माणूस अंतराळवीर म्हणून आपल्यापेक्षा अधिक लायक ठरेल, असे त्यांनी मांडले. फांद्यांना लोंबकळणारे गिबन माकड तेथे माणसाहून सरस, आणि शेपटीने पकडणारे माकड त्याहून सरस.

मुलांनो, या विधानाशी क्षणभर थांबा. आपण ज्याला अपंग म्हणतो तो एका जगात अपंग आणि दुसऱ्या जगात सर्वांत सक्षम! उणेपणा हा केवळ शरीरात नसतो, तो शरीर आणि जग यांच्या जुळणीत असतो. जिना असेल तर चाकाच्या खुर्चीतील मुलगा अडतो; उतार बांधला तर तोच मुलगा सर्वांच्या पुढे वर्गात पोहोचतो. माणसांची लायक आणि नालायक अशी विभागणी करून नालायकांना मुले होऊ देऊ नयेत, असे कायदे हॉल्डेन यांच्या काळात अमेरिकेतील अनेक राज्यांत होते आणि १९३३ मध्ये हिटलरच्या जर्मनीतही आले. अशा विचारांच्या शास्त्रीय पोकळपणावर हॉल्डेन यांनी १९३८ मध्ये एक पुस्तक लिहून बोट ठेवले.

पण थोरांचे चरित्र लिहिताना फक्त आरती करून चालत नाही. त्याच १९६३ च्या भाषणात हॉल्डेन यांनी असेही सुचवले की, फक्त पायांची वाढ रोखणारे औषध सापडले तर दूरच्या ताऱ्याकडे जाणारे प्रवासी जन्मापूर्वीच तसे घडवता येतील. याच्या थोडेच आधी, १९६१ मध्ये, थॅलिडोमाइड नावाचे औषध बाजारातून मागे घ्यावे लागले होते. गरोदर स्त्रियांनी ते घेतल्यामुळे जगात दहा हजारांहून अधिक बालके हातापायांचे व्यंग घेऊन जन्मली. कागदावर माणूस रेखाटणे वेगळे आणि न जन्मलेल्या बाळावर, त्याला न विचारता, आपले रेखाटन लादणे वेगळे. ही सीमारेषा हॉल्डेन यांच्यासारख्या बुद्धिमंतालाही तेथे दिसली नाही. साम्यवादी पक्षावरील निष्ठेपोटी रशियातील लायसेन्को यांच्या चुकीच्या आनुवंशशास्त्रावर स्पष्ट टीका करायलाही त्यांनी फार वेळ लावला. बुद्धी तीक्ष्ण असली म्हणजे विवेक आपोआप येतो असे नाही, हे आपण शिक्षक-पालकांनी विशेष लक्षात ठेवायला हवे.

प्रयोग करण्याच्या बाबतीत मात्र ते पक्के होते. धोका आधी स्वतःच्या शरीराला. रक्तातील आम्लता वाढल्यावर काय होते हे पाहण्यासाठी त्यांनी अमोनियम क्लोराईड पिऊन कित्येक दिवस धाप सोसली. १९३९ मध्ये थेटिस ही ब्रिटिश पाणबुडी बुडून ९९ माणसे गेली. त्यानंतर खोल पाण्यातील दाबाखाली श्वासाचे काय होते हे ते बंद टाकीत बसून तपासत राहिले. अशाच एका प्रयोगात झटका येऊन त्यांच्या पाठीचा मणका दुखावला आणि ते दुखणे जन्मभर राहिले.

१९५७ मध्ये ते पत्नी हेलन स्परवे यांच्यासह कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत दाखल झाले. साठ वर्षे मोजे घालून झाले, आता पुरे, म्हणून भारतात आलो, असे ते गमतीने सांगत. येथे ते धोतर-सदरा वापरू लागले, शाकाहारी झाले आणि १९६१ मध्ये भारतीय नागरिक बनले. महागड्या यंत्रांशिवायही उत्तम विज्ञान करता येते, हे त्यांनी आपल्या तरुणांना दाखवून दिले. त्यांच्याबरोबर काम करणाऱ्यांनी पारिजातकाच्या फुलांच्या पाकळ्या मोजल्या, नारळाच्या झाडाची पाने डावीकडे वळतात की उजवीकडे याची नोंद घेतली. सुरेश जयकर यांनी माळावरच्या टिटवीच्या घरट्यांचे निरीक्षण केले. नारळ, पारिजातक, टिटवी! यातले काय आपल्या गुंजी परिसरात नाही? लागते ती वही, पेन्सिल आणि चिकाटी.

१९६२ मध्ये ते भुवनेश्वरला गेले आणि तेथेच १ डिसेंबर १९६४ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. इच्छेप्रमाणे त्यांचा देह काकीनाडा येथील रंगराय वैद्यकीय महाविद्यालयाला विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी देण्यात आला. जन्मभर ज्या शरीराला त्यांनी पाठ्यपुस्तक मानले, ते शेवटी विद्यार्थ्यांच्याच हाती गेले.

त्यांच्यानंतर निसर्गाने एक गंमत केली. २००३ मध्ये इंडोनेशियाच्या फ्लोरेस बेटावरील गुहेत जेमतेम साडेतीन फूट उंचीच्या प्राचीन मानवजातीची हाडे सापडली. अंगठ्याएवढा नव्हे, पण बुटका मानव खरोखर होऊन गेला होता. अंतराळवीरांच्या पायांची आणि कमरेची हाडे वजनाअभावी दरमहा सुमारे एक टक्का झिजतात, हेही आता मोजून कळले आहे. शरीर ज्या जगात राहते त्या जगाचा हिशेब ठेवते, हे हॉल्डेन यांचे सूत्र खरेच ठरले.

विद्यार्थी मित्रहो, आता तुमची पाळी. मंगळावर वजन पृथ्वीच्या सुमारे ३८ टक्के भरते, हवा अतिशय विरळ आहे आणि थंडी कडाक्याची. तेथे राहील असा मानव कागदावर रेखाटा. त्याचे पाय किती जाड, छाती केवढी, अंगावर केस की चरबी, तो खाईल काय, हे कारणासह लिहा आणि चित्र विज्ञान शिक्षकांकडे द्या. चित्र सुंदर नसले तरी चालेल, कारण पटायला हवे. आणि चित्र काढून झाले की आपल्या वर्गाकडे एकदा नीट पाहा. कुणासाठी एखादी पायरी उंच आहे का, कुणाला फळा दिसत नाही का, ते मला येऊन सांगा. ते दुरुस्त करण्याची जबाबदारी आम्हा मोठ्यांची.

— मुख्याध्यापक