‘जेल’ला नाव देणारे ग्रॅहम

थॉमस ग्रॅहम यांचा जन्म १८०५ साली ग्लासगो येथे झाला. मुलाने धर्मोपदेशक व्हावे, ही वडिलांची इच्छा. मुलाला मात्र रसायनशास्त्राचा ध्यास. वडिलांनी पैसे देणे बंद केले. आई आणि बहिणीच्या आधारावर त्यांनी ते कठीण दिवस काढले.

१८३०च्या दशकात वायूंच्या विसरणाचा नियम मांडून ते नावारूपाला आले. ‘ग्रॅहमचा नियम’ म्हणून आपण शिकतो, तो हाच. १८३७ मध्ये ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्राध्यापक झाले आणि १८५५ मध्ये सरकारी टांकसाळीचे प्रमुख. प्रयोग मात्र सुटले नाहीत.

चर्मपत्रासारख्या कागदाच्या पडद्यातून मीठ, साखर पार होतात. डिंक, जिलेटीन मागे राहतात, हे त्यांनी १८६१ मध्ये दाखवले. या पद्धतीला त्यांनी ‘डायलिसिस’ म्हटले. ‘कोलॉइड’ आणि ‘जेल’ हे शब्दही त्यांचेच. घट्ट दिसणाऱ्या जेलमधूनही मीठ पसरत जाते, हे त्यांनी पाहिले. १८६९ मध्ये त्यांचे निधन झाले.

औषधवाहक हायड्रोजेल याच विसरणावर चालतात. सुप्रामॉलिक्युलर प्रकारात रेणू एकमेकांना सैल बंधांनी धरून असतात. सुईतून जाताना हे बंध सुटतात, शरीरात पुन्हा जुळतात आणि जेलमधले औषध हळूहळू बाहेर झिरपते. वारंवार सुई टोचून घ्यावी लागणाऱ्या रुग्णांचा त्रास त्यामुळे कमी व्हावा, यासाठी आज संशोधन चालू आहे. त्याची पहिली अक्षरे ग्रॅहम यांनी गिरवली होती.