डॉक्टर थॉमस चामर्स
स्कॉटलंडातील प्रसिद्ध उपदेशक डॉ. थॉमस चामर्स (जन्म इ. स. १७८०) हे १८१९ साली ग्लासगो शहरातील सेंट जॉन मंडळीचे पाळक झाले. तेथील वस्ती सुमारे १०,००० असून बहुतेक लोक विणकर व मजूर होते. चामर्स यांनी तिचे २५ भाग करून प्रत्येकावर एक डीकन नेमिला. मदत मागणाऱ्याच्या घरी त्याने स्वतः जावे, काम मिळते काय, नातलग व शेजारी काय करू शकतात हे पाहावे, आणि मगच मंडळीच्या दानातून द्यावे, असा नियम होता. खर्च पुष्कळ घटला. तथापि केवळ ह्या काटकसरीची वाखाणणी आम्हांस करवत नाही, कारण कित्येक गरीब लाजेने मागावयास आलेच नसतील. डीकनाने दारोदार जावे, हेच आम्हांस मोलाचे वाटते. १८२३ त चामर्स अध्यापक होऊन सेंट अँड्र्यूजला गेले. व्यवस्था १८३७ पर्यंत चालली. १८४७ त ते निवर्तले.